एक भाकरी ढवळायचं

माझ्या घरमालकांच्या दारावर पितळेची पाटी होती, पण ती वाचता येत नसे. त्यांनीच ती पॉलिश पेपरने घासून, वर मॅट वार्निशचे दोन हात देऊन इतकी गप्प करून टाकली होती की कुरिअरवाले पाटीसमोर उभे राहून फोन करायचे, "काका, तुमचं घर नेमकं कुठं आलं?" नाना व्हरांड्यातून मान बाहेर काढून सांगायचे, "तू ज्याच्यापुढं हुबा हायेस, तेच." मग माझ्याकडे वळून समाधानाने म्हणायचे, "बघितलं? डोळ्यात न्हाई जात."

सुप्याला कारखान्यात नोकरी लागली तेव्हा मी त्यांची वरची खोली भाड्याने घेतली होती. गावात त्यांना म्याटनाना म्हणत. काही जण म्याडनाना म्हणत. पुणे-नगर रस्त्यावरच्या ट्रकांच्या आवाजात या दोन्हींतला फरक कळत नसे आणि नाना दोन्हींना सारखीच ओ देत.

खोली देताना बाकीचे घरमालक काय काय विचारतात ते मला पाठ होतं. पाहुणे किती येणार, पाणी किती लागणार, लग्न कधी करणार. नानांनी विचारलं, "पडदं कसलं लावनार?"

"साधे. सुती."

"साटीन न्हाई ना?"

"नाही."

"मग काय हरकत न्हाई," म्हणून ते माझ्या स्कूटरकडे वळले. स्कूटर नवी होती, मरून रंगाची. तिच्याभोवती त्यांनी एक फेरी मारली. मागच्या बाजूला त्यांना स्वतःचं तोंड दिसलं, तसे ते दचकून मागे सरले. "हिला एक हात देऊ का? पैशे नगं." मी नको म्हटलं. "मग हौदाच्या पलीकडं लावत जा," ते म्हणाले, आणि विषय मिटला. म्हणजे मला वाटलं मिटला. खोली सोडून गेल्यावर बऱ्याच दिवसांनी मेकॅनिकने मला दाखवलं, नंबरप्लेटच्या खाली चार बोटं रुंद पट्टा अगदी मॅट होता. काम फार सुबक होतं.

त्यातून माझी नोकरीही नेमकी वाईट निघाली. आमच्या कारखान्यात पत्र्याची कपाटं व्हायची आणि रंगाच्या लाइनवर तपासणी करणं हे माझं काम होतं. चकाकी मोजायचं एक छोटं यंत्र असतं. ते पत्र्यावर टेकवायचं, आकडा बघायचा, कमी आला की कपाट परत पाठवायचं. हे ऐकल्यावर नानांनी स्वयंपाकघराकडे तोंड करून बायकोला सांगितलं, "अगं, ही पोरगी चमक मोजती." मी दारूच्या गुत्त्यावर बसते असं कळलं असतं तरी त्यांचा सूर याहून वेगळा लागला नसता.

"मोजंना," आतून आवाज आला. "तुमच्या दारात येऊन तर मोजत न्हाई."

या माई. त्यांनी मला चहा आणून दिला. पेला स्टीलचा होता आणि असा लखलखीत घासलेला की वरच्या पंख्याची पाती त्यात मोजता आली असती. पेला माझ्या हातात येईपर्यंत नानांनी मान भिंतीकडे वळवून ठेवली होती. त्या घरात तसा करारच होता. स्वयंपाकघर माईंचं, तिथे काय चमकायचं ते चमको. व्हरांडा नानांचा. मधल्या उंबऱ्यावरून भांडी न्यायची झाली तर ती पदराखाली जात.

नानांची सगळी नोकरी बसच्या बॉड्यांना रंग मारण्यात गेली होती. "रंग वाळला की सायेब यायचा," ते सांगत. "बसच्या पत्र्यात तोंड बघायचा. खिशातनं कंगवा काडायचा, भांग पाडायचा आन् म्हनायचा, पास. आमी माड्याएवढ्या बसा आरशासारख्या केल्या, त्या सायबाच्या भांगासाटी." निवृत्तीच्या समारंभात त्यांना चकचकीत कागदात बांधलेली भेटवस्तू मिळाली. त्यांनी व्यासपीठावरच तो कागद हलक्या हाताने सोडवला, चौकोनी घडी घातली आणि परत देऊन टाकला. आत भिंतीवरचं घड्याळ होतं. त्याची काच काढलेली मी पाहिली आहे. धूळ जाऊन ते बंद पडलं होतं, पण नानांच्या मते आता ते बघवत होतं.

घरी बसल्यावर ते छोट्या प्रतिकृती करायला लागले. बैलगाडी, टायरगाडी, मोट लावलेली विहीर, कडबा भरलेला टेम्पो, पारनेरच्या बाजारातलं भेळेचं दुकान. माणूस अंगठ्याएवढा, बाकी सगळं त्या हिशेबात. सामान म्हणजे आगकाड्या, उसाची चिपाडं, जुन्या टायरची रबरं, आईस्क्रीमच्या काड्या. रंग कुठलाही चाले. मॅट वार्निशची बाटली मात्र पुण्याहून यायची आणि ती देवघरात ठेवलेली असे. माईंनी पहिल्या दिवशी हरकत घेतली होती. मग बाटलीला हळदीकुंकवाचं बोट लागलेलं दिसलं, तेव्हा प्रश्न सुटला असावा.

एकदा मी त्यांना सरळच विचारलं, एवढा राग का चमकेवर? रागबिग नाही, म्हणाले. हातातला बैल त्यांनी उन्हात धरला.

"हे बघ. बैल बारीक केला. गाडी बारीक केली. गाडीवान बारीक केला. ऊन कसं बारीक करनार? ऊन हाय तेवढंच ऱ्हातं. अंगट्याएवढ्या बैलाच्या पाटीवर खऱ्या बैलाएवढी चमक पडली की बघनाराला कळतं, ह्ये खेळनं हाय."

एवढंच त्यांचं तत्त्वज्ञान. मी त्यात आजवर चूक काढू शकलेले नाही, आणि चुका काढण्याचाच मला पगार मिळतो.

वार्निश देण्याचे त्यांचे नियम होते. बाटली हलवायची नाही, हलवली की बुडबुडे येतात. ढवळायची. चमक मारणारी जी पांढरी पूड असते ती बाटलीच्या तळाला बसून राहते. ती वर आली नाही तर मॅट वार्निशसुद्धा चमकतं. मग उदबत्तीची काडी घेऊन ते हळूहळू ढवळत बसत. किती वेळ, तर एक भाकरी. म्हणजे आत माईंनी पिठाचा गोळा हातात घेतला की सुरू करायचं आणि भाकरी फुगून तव्यावरून उतरली की थांबायचं. माई स्वयंपाक करत नसतील तेव्हा वार्निशही होत नसे. एकदा त्या आजारी पडल्या आणि मी खिचडी केली. "खिचडीवर अंदाज न्हाई येत," म्हणून नानांनी बाटली परत देवघरात ठेवली.

हवेचा अंदाज घ्यायला खिडकीत एक पापड ठेवलेला असे. सकाळी नाना तो मोडून बघत. कडकन मोडला तर काम. सादळलेला निघाला तर वार्निश बंद, कारण दमट हवेत त्यावर पांढुरकं साय आल्यासारखं धुकं धरतं आणि मग ते निघत नाही. पावसाळ्यात सबंध आठवडे पापड मऊ निघे. नाना तो मऊ पापड तोंडात टाकून आभाळाकडे बघत बसत. आमच्या दुष्काळी तालुक्यात पाऊस पडल्यावर तोंड पाडून बसणारा हा एकच माणूस होता, आणि त्याला म्याड म्हणणाऱ्यांना मी फार दोष देत नाही.

त्यांची खरी अडचण शब्दाची होती. मॅटला मराठीत शब्द नाही, ही गोष्ट त्यांना मनापासून लागली होती. "चमाकनाऱ्याला बघ किती हायेत. चकचकीत, लखलखीत, तुकतुकीत, तकतकीत, झगझगीत. आन् न चमाकनाऱ्याला? मळकट, कळकट, भुरकट. समद्या शिव्या." मागच्या गल्लीत मराठीचे निवृत्त शिक्षक राहत. त्यांनी विचार करून 'निस्तेज' असा शब्द सुचवला. नाना म्हणाले, "निस्तेज तुमचं त्वांड." दोघे दिवाळीपर्यंत बोलत नव्हते. मी 'मंद' सुचवून पाहिला. "मंद म्हंजे डोस्क्यानं कमी." माईंना या सगळ्याचा कंटाळा होता. "टेबलाला टेबल म्हनताच न्हवं? मग म्याटला म्याट म्हना आन् जेवायला बसा."

माई मूळच्या पाथर्डीकडच्या. त्यांचं माहेर ऊसतोडीचं, त्यामुळे लहानपणीचे सगळे हिवाळे कुठल्या ना कुठल्या साखर कारखान्याच्या तळावर, पाचटाच्या खोपटात, म्हणजे कोपीत, गेलेले. बोलायला सरळ आणि थोड्या तिखट. नानांची कुठलीही वस्तू पुरी झाली की ती माईंच्या हातात जायची आणि त्यांचा निकाल यायचा. पिठाचे हात पुसत त्या उंबऱ्याशी येत, वस्तू डोळ्यांसमोर धरून एकदाच फिरवत आणि म्हणत, "चमाकतंय." कुठे, ते बोटाने दाखवत. जूच्या टोकाला, मोटेच्या कडेला, भेळवाल्याच्या टोपीला. माझं यंत्र टेकवायलाही जागा नसेल अशा ठिकाणी त्यांना चमक दिसे, आणि ती असेच. नाना वस्तू परत घेत. "चुकलंच," म्हणत. इतक्या वर्षांत माईंनी एकदाही एखादी वस्तू चांगली झालीय असं म्हटलं नव्हतं, आणि नानांची सगळी धडपड तेवढ्यासाठी होती. ते कुणापासून लपूनही नव्हतं. मलाच ते कितीदा म्हणाले होते, "एकदा हिनं तोंडानं म्हनावं. मंग मी बाटलीत पानी भरून ठिवीन."

बाकीच्या जगाला त्यांनी केव्हाच फसवलं होतं. शेतातल्या बांधावर बैलजोडी ठेवून काढलेला फोटो त्यांनी मोबाईलवर टाकला, तर घोडेगावच्या बैलबाजारातला एक व्यापारी दुसऱ्या दिवशी दारात उभा राहिला. त्याला जोडी बघायची होती. नानांनी ती तळहातावर आणून दाखवली. व्यापारी भला माणूस होता. त्याने रीतीप्रमाणे बैलांचे दात बघितले आणि चहा पिऊन गेला.

"आता बोल," नाना माईंना म्हणाले.

"त्यानं मोबाईलवर बघितलंय. मोबाईलवर मी बी नवरी दिसंन."

मग ग्रामपंचायतीचं प्रकरण झालं. जवळच्या एका गावाने डोंगरावर चर खणून, बांध घालून पाणी अडवलं होतं. त्या कामाची प्रतिकृती करून पंचायतीच्या ऑफिसात ठेवायची असं तिथल्या सरपंचांच्या मनात आलं आणि काम नानांकडे आलं. डोंगर झाला, चर झाले, गोठे, झाडं, वाटा, सगळं झालं. सरपंच बघायला आले आणि खाली वाकून म्हणाले, "नाना, तळं कोरडं हाय की."

"व्हय."

"आवं, पानी आडवलं त्येच तर दाखवायचंय!"

"पानी चमाकतं," नाना म्हणाले.

पुष्कळ बोलाचाली झाली. नाना शेवाळ धरलेलं तळं करायला तयार होते. सरपंच शेवाळाला तयार नव्हते. शेवटी सरपंचांनी परस्पर हार्डवेअरच्या दुकानातून वार्निशचा डबा आणला आणि तळ्यात ओतला. बातमी कळताच नाना तिकडे गेले. मला वाटलं आता काहीतरी फुटणार, म्हणून मीही स्कूटर काढून मागोमाग गेले. नाना त्या तळ्यापुढे खुर्ची ओढून बसले होते. मळकट डोंगर, मळकट झाडं आणि मधोमध तेवढंच ओलं, चकाकणारं पाणी. बराच वेळ बघून म्हणाले, "बरं झालंय. पान्याला माफी हाय." त्या दिवसापासून नियमात तेवढी दुरुस्ती झाली.

माईंना बघायला नेलं तोवर सरपंचांनी त्यावर काचेची पेटी बसवली होती. माई म्हणाल्या, "डोंगर खरा हाय. पानी बी खरं हाय. काच चमाकती." नानांनी तिथल्या तिथे पाना मागवून काचा उतरवल्या. मग त्या उघड्या पेटीत एक चिमणी येऊ लागली आणि तिने गोठ्यांची सगळी छपरं हळूहळू उपसून ऑफिसच्या पंख्याच्या वाटीत घरटं बांधलं. सरपंच वैतागले. नाना मात्र गावभर सांगत सुटले. चिमणीलासुद्धा खरं वाटलं!

"तिला घर बांदायचं हुतं," माई म्हणाल्या. "तिला काय निकाल द्यायचा हुता?"

माईंना दिसायला कमी झालंय हे आधी मला कळलं नाही. चहा ओतताना तो पेल्याच्या काठाबाहेर जाऊ लागला, दोनदा दाराची चौकट कपाळाला लागली, तेव्हा नाना त्यांना नगरला डोळ्यांच्या डॉक्टरकडे घेऊन गेले. संध्याकाळी परत आले तेव्हा मी जिन्याच्या पायरीवर बसले होते. माई हात धुवायला आत गेल्या. नाना माझ्यापाशी थांबले.

"काचबिंदू," म्हणाले. "मोतीबिंदू आसता तर काडून टाकला आसता. उजवा गेलाच म्हनं. डाव्यात ऱ्हायलंय थोडं. गेलं ते येत न्हाई, ऱ्हायलं ते सांबाळा, म्हनला डागदर." थोडं थांबून पुढे म्हणाले, "मोती काय, काच काय. आजाराला बी नाव गावलं ते चमाकनारंच."

मी त्यांचा हात धरला, तो वार्निशच्या वासाचा होता.

सकाळ-संध्याकाळ डोळ्यांत थेंब घालायचे होते. ते नाना घालत. माई पाय हलवत, कुरकुरत खुर्चीत बसत आणि नाना बाटली धरून, डोळ्यावर वाकून, आयुष्यभर ब्रश धरलेल्या हाताने नेमका एक थेंब सोडत. थेंब डोळ्यात पसरून चमकला की, "पान्याला माफी," असं पुटपुटत. माई म्हणत, "काय वो?" "काय न्हाई. मिटून घे."

त्यानंतरच्या एका रविवारी नानांनी नवी टायरगाडी पुरी केली. मी कपडे वाळत घालून खाली आले तेव्हा ती टेबलावर होती. काम नेहमीसारखं देखणं, पण चाकाच्या मधल्या तुंब्यावर मोहरीएवढा ठिपका चमकत होता. माझी नजर अशा कामाला सरावलेली आहे, ती अडकलीच.

"नाना, इथं चमकतंय."

त्यांनी स्वयंपाकघराकडे बघितलं आणि तोंडावर बोट ठेवलं. "गप. मला ठावं हाय. मुद्दाम ठिवलंय."

"मुद्दाम?"

"तिनं धरलं तर धरलं. म्हंजे अजून दिसतंय."

तेवढ्यात माई आल्या. गाडी डाव्या डोळ्याजवळ धरून त्यांनी फिरवली. पूर्वी एकदाच फिरवत, आता दोनतीनदा. "चाकाच्या मदी चमाकतंय," माई म्हणाल्या. "म्हातारपनी हात बिगाडला का तुमचा?"

"चुकलंच," नाना म्हणाले. एवढ्या आनंदाने चूक कबूल करणारा माणूस मी पाहिला नव्हता. मागच्या अंगणात जाऊन त्यांनी तोंड धुतलं आणि दिवसभर ते कसलंतरी गाणं गुणगुणत होते. त्या गाण्याला चाल नव्हती, पण मी तक्रार केली नाही.

मग हे दर रविवारचं झालं. निवृत्तीनंतरची सगळी वर्षं चमक मारण्यात घालवलेला हा माणूस आता सगळी वस्तू गप्प करून झाल्यावर न ढवळलेल्या बाटलीतलं वरचं वरचं वार्निश काडीवर घ्यायचा आणि कुठेतरी एक ठिपका चमकता ठेवायचा. माई तो शोधायच्या, बोलायच्या. नाना शिव्या खाऊन ताजेतवाने व्हायचे. इतकी वर्षं ज्या एका शब्दाची त्यांना धास्ती होती, तोच ऐकायला ते आता रविवारची वाट बघत. जो चांगला शब्द हवा होता त्याचं नावही ते काढीनासे झाले. मला कळत होतं. माईंनी आता चांगलं म्हटलं, तर त्याचा अर्थ एकच होणार होता.

मला आणखी एक गोष्ट कळत होती, ती मी बोलले नाही. ठिपका मोठा होत चालला होता. पहिल्यांदा मोहरीएवढा होता. मग ज्वारीच्या दाण्याएवढा झाला. उन्हाळ्याच्या तोंडी तो तुरीच्या डाळीएवढा होता आणि नाना तो अधिकाधिक दर्शनी जागी ठेवत होते.

त्या उन्हाळ्यात त्यांनी कोपी केली. माईंच्या लहानपणीची, कारखान्याच्या तळावरची. खरं पाचट नखाने चिरून चिरून छप्पर शाकारलं, कुडाच्या भिंती, बाहेर तीन दगडांची चूल, पुढे सारवलेलं अंगण. माहिती काढायला ते माईंनाच विचारत आणि माई सरळ उत्तर देत नसत. "कोपीत काय बघायचंय? आरसा बी न्हवता. चमाकायला हुतं काय?" तरी मधूनच भाकरी थापता थापता आतून सांगत, "चूल दाराच्या डाव्या अंगाला. वारं तिकडनं यायचं." नाना चूल उचलून डाव्या अंगाला नेत.

रविवारी सकाळी पापड कडकन मोडला. दुपारी उशिरा कोपी तयार झाली. मी जिन्यावर होते. व्हरांड्यात ऊन आत आलं होतं आणि तिथूनच मला ठिपका दिसला. अंगणाच्या मध्यावर, हरभऱ्याच्या डाळीएवढा, आरशाचा तुकडा पडावा तसा. कारखान्यातल्या कुठल्याही पोराला झोपेतसुद्धा दिसेल, एवढा.

माई भिंतीला हात लावत उंबऱ्यापर्यंत आल्या. खुर्चीत बसल्या. नानांनी कोपी त्यांच्या मांडीवर ठेवली. माईंनी ती उचलून डोळ्याजवळ नेली, लांब धरली, परत जवळ नेली. ऊन त्या ठिपक्यावरून त्यांच्या गालावर पडत होतं, कवडसा हलत होता. त्यांनी फार वेळ घेतला. मग कोपी मांडीवर ठेवली आणि म्हणाल्या, "निवलंय."

नानांनी टेबलाची कड धरली.

"लई बरं झालंय. माजी आई आंगन सारवायची. वलं आसतंय तवर चमाकतं, मंग वाळतं, निवतं. आसंच निवल्यालं दिसायचं. डोळं निवलं माजं, आवं."

निवलेलं. नाना आयुष्यभर जो शब्द हुडकत होते तो हा होता. मास्तरांना सुचला नव्हता, मला सुचला नव्हता. घरात रोज चहा निवत होता, दूध निवत होतं, भाकरी निवत होती आणि आमच्या कुणाच्या लक्षात आलं नव्हतं. शब्दही मिळाला आणि शाबासकीही मिळाली, दोन्ही एकाच वेळी. नाना टेबलाची कड धरून उभे होते आणि त्यांचं तोंड मला बघवेना. मी खाली पायरीकडे बघत राहिले. रडू येत होतं, ते आवरायला मला वाळत घातलेल्या कपड्यांचा विचार करावा लागला.

माईंचा अंगठा मात्र अंगणावरून फिरत होता. सारवताना हात फिरतो तसा, कडेकडेने, मग आत. फिरता फिरता थांबला. परत मागे गेला.

"थांबा," माई म्हणाल्या. "हितं गुळगुळीत लागतंय. बाकी समदं खरबरीत हाय, हितंच गुळगुळीत." त्यांनी अंगठा तिथे दाबून धरला. "हितं वलं ऱ्हायलंय तुमचं."

नानांनी मान वर केली.

"चमाकतंय व्हय?" माईंनी विचारलं.

"व्हय," नाना म्हणाले. "व्हय. चमाकतंय."

"तरीच. दर आयतवारी एक ठिवता. मला काय कळत न्हाई व्हय?" माईंनी कोपी त्यांच्या दिशेने पुढे केली. हात थोडा बाजूला गेला, नानांनी पुढे होऊन तो धरला. "आज डोळ्याला न्हाई गावलं. बोटाला गावलं."

"बोटाला तर बोटाला," नाना म्हणाले. "चुकलंच माजं."

"मग नीट करा. माज्या आईचं आंगन हाय त्ये."

माई उठल्या, भिंतीला हात लावत आत गेल्या. परातीचा आवाज आला. नानांनी देवघरातून बाटली आणली, झाकण काढलं, उदबत्तीची काडी आत सोडली आणि स्वयंपाकघराकडे कान देऊन बसले. भाकरी थापल्याचा आवाज सुरू झाला तशी काडी फिरायला लागली. त्यांच्या डोळ्यांतून पाणी गळत होतं, ते त्यांनी पुसलं नाही. मीही बघत बसले, चमक मोजायचं यंत्र नव्हतं बरोबर.

थापणं थांबलं. तवा वाजला. भाकरी भाजल्याचा वास व्हरांड्यात आला.

"झाली वो भाकरी," माई आतून म्हणाल्या. "पुरं करा ढवळायचं."